आनंदीबाईंच्या खाणावळीची जागा

"चाचा, गाडी आयेगी अभी, उठो ना," वॉचमन तिसऱ्यांदा म्हणाला आणि पेंटरनी तिसऱ्यांदा त्याला हाताने थांबवलं.

मी चहाचा थर्मास घेऊन खाली उतरले तेव्हा हे चाललं होतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, माझा अडुसष्ट वर्षांचा नवरा ओणवा होऊन फरशीवर खडूने रेघा मारत होता. लेंग्याचे गुडघे पांढरेफटक झाले होते. ह्याच गुडघ्यांसाठी मी रोज लसणीचं तेल कढवते.

"अहो, चहा."

"ही जिन्याची भिंत," ते मान वर न करता म्हणाले. "इथे नळ. नळाच्या पुढे ओटा. अगो, सरक जरा, तू मोरीत उभी आहेस."

मी मोरीतून बाहेर आले. वॉचमनने माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला. मीही लावला असता, पण हातात थर्मास होता.

माझ्या नवऱ्याचं नाव कुशाबा घाडी. हे नाव मी आजवर घेतलं ते फक्त उखाण्यात आणि रेशनकार्डाच्या रांगेत. लालबागमध्ये सगळे त्यांना पेंटर म्हणतात. पालिकेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. रस्त्यांची नावं, चौकांची नावं, 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे', 'येथे थुंकू नये'. ह्या शहरात 'थुंकू नये' हे शब्द सगळ्यात जास्त वेळा लिहिणारा माणूस माझ्या घरात आहे, आणि त्याचा किती उपयोग झाला ते आपण बघतोच आहोत. पण अक्षर मोत्यासारखं. पुढे मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या आणि पेंटरना शेवटची काही वर्षं स्टोअरमध्ये बसवलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. कुरकुरणं हा प्रकार आमच्या घरात माझ्याकडे आहे.

पार्किंगमधल्या ह्या उद्योगाचं मूळ मात्र अमेरिकेत आहे.

आमची एकुलती एक नूपुर ओहायोत असते. गेल्या वर्षी तिच्याकडे चार महिने राहून आलो. अमेरिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंचच उंच इमारती येतात. नूपुरचं गाव म्हणजे एक रस्ता, दोन चर्चं, एक पेट्रोलपंप आणि चहूकडे मका. गावातली सगळी माणसं आमच्या ह्या एका इमारतीत मावली असती आणि वरचे दोन मजले रिकामे राहिले असते. दर शनिवारी ती आम्हाला गाडीत घालून हिंडवायची. फुकटात जे दिसेल तेच बघायचं असं आम्ही दोघांनी आधीच ठरवलेलं, त्यामुळे आम्ही एक जुना तुरुंग बघितला, छप्पर घातलेला लाकडी पूल बघितला, आणि पाट्या बघितल्या.

पाट्या! तिथे रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, कुठेही लोखंडी खांबावर एक ओतीव पाटी उभी असते. इथे अमुक साली पहिली लोहाराची भट्टी लागली. इथे अमुक साली पूर आला. एका पाटीवर लिहिलं होतं की ह्या झाडाखाली एका सेनापतीने दुपारचं जेवण घेतलं. खाली बारीक अक्षरात, की झाड आता नाही. झाड नाही, सेनापती नाही, जेवण तर नाहीच नाही, पण पाटी ठणठणीत. पेंटर गाडीतून उतरून आधी पाटीच्या मागे जायचे, रंग कसा चढवलाय ते नखाने बघायचे, मग पुढे येऊन अक्षरांमधलं अंतर बघायचे, आणि सगळ्यात शेवटी नूपुरला म्हणायचे, "वाच." ती वाचून मराठीत सांगायची. मी गाडीत शेंगदाणे खात बसायची. इथे आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हटलं, मका आणि पाट्या.

एक पाटी मात्र मीही उतरून पाहिली, कारण पेंटर तिच्यापुढून हलेचनात. गावाबाहेर रेल्वेचे जुने रूळ होते, त्यांच्या कडेला गवतात ती उभी होती. नूपुरने वाचलं, "इथे हॅना नावाच्या बाईचं घर होतं. रूळ टाकणाऱ्या मजुरांना तिने तीस वर्षं जेवू घातलं."

"अजून?" पेंटर म्हणाले.

"एवढंच आहे, बाबा."

"परत वाच."

तिने परत वाचलं. पेंटरनी त्या ओतीव अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेका अक्षराच्या कडेकडेने. गाडीत येऊन बसले. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "अख्ख्या मुंबईची नावं लिहिली मी. आयेचं नाव कुठे लिहिलं नाही गो."

मी त्यांना शेंगदाणे दिले.

त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, आनंदीबाई. आज जिथे आमची इमारत आहे तिथे आमची चाळ होती, आणि चाळीच्या तळमजल्यावर सासूबाईंची खाणावळ होती. गिरणीत काम करणारी, गावाकडे बायकामुलं ठेवून आलेली बावीस माणसं त्यांच्याकडे दोन पाळ्यांत जेवायची. गिरण्या बंद पडल्या तशी माणसं गावी गेली आणि खाणावळ उठली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे एक इस्त्रीवाला बसत होता आणि सासूबाई वरच्या खोलीत गप्प बसत होत्या. मी त्यांची खाणावळ कधी पाहिली नाही. पण तिचे नियम त्या माझ्यावर चालवत. आमटी पाणचट झाली तरी चालेल, पण गार वाढायची नाही. ताटात मीठ आधी. आणि पहिला येईल त्याने भिंतीला खेटून बसायचं, मध्ये फतकल मारायची नाही, म्हणजे मागून येणाऱ्याला पंगत मोडून आत शिरावं लागत नाही. आम्ही घरात तीनच माणसं जेवायला, तरी मी आधी बसले की भिंतीला खेटून.

परत आल्यावर मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, उतरेल खूळ. कसलं उतरतंय! आठवड्यातून दोनदा बसने आमची वरात निघायला लागली. गिरगावातली पाणपोई, तिच्यावर कुणा शेटजींचं नाव. परळच्या हॉस्पिटलातली कोनशिला. फोर्टातल्या चर्चपासून इतके मैल असं कोरलेले इंग्रजांच्या काळातले काळे दगड, अर्धे फुटपाथात गाडलेले. एका दगडावर भाजीवाली मेथीच्या जुड्या रचून बसली होती. पेंटर तिला म्हणाले, "बाई, जरा जुड्या उचला, खालचं वाचायचंय." ती बिचारी समजली की पालिकेची गाडी आली. बघता बघता तिने गोणपाट गुंडाळलं आणि गल्लीत पसार. शेवटी मी तिच्या मागे धावले, तिला परत आणलं आणि प्रायश्चित्त म्हणून चार जुड्या घेतल्या. तीन दिवस आमच्याकडे मेथी होती.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. नोकरीत मी तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर काढले. घर ते खिडकी, खिडकी ते घर. आता बसमध्ये खिडकीशी बसायचं, कुठल्याही स्टॉपला उतरायचं, दगड बघायचा, त्याच्या जवळपास जिथे मिळेल तिथे पियूष नाहीतर उसाचा रस प्यायचा आणि घरी यायचं. म्हातारपण ह्याहून बरं काय असतं?

पण जिथे जाऊ तिथे पेंटर एकच म्हणायचे. "बघ, पाणी पाजणाऱ्याचं नाव आहे. दवाखाना बांधणाऱ्याचं आहे. लालबाग-परळमध्ये एवढ्या गिरण्या, एवढी माणसं. ती जेवत कुठे होती, कुठे लिहिलंय?"

एक दिवस त्यांनी पत्रा आणला, घासला, रंगाचे दोन हात दिले, आणि गॅलरीत बसून आठ दिवस पाटी लिहिली. निळ्यावर पांढरं. 'इथे आनंदीबाई घाडी यांची खाणावळ होती. गिरणीत काम करणारी बावीस माणसं इथे दोन पाळ्यांत जेवत. १९५८ ते १९८३.' हात थोडा कापतो आता, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहिलं. 'आनंदीबाई' हा शब्द त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिला. मी भात लावायचा विसरून बघत उभी होते.

पाटी घेऊन आम्ही सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी हितेंद्र आमच्या चाळीतलाच, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. पोरगा वाईट नाही, पण सेक्रेटरी झाल्यापासून त्याच्या तोंडी नियम फार.

"काका, पाटी एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण उद्या कदम येतील, आमच्या आजोबांचा कॅरम क्लब होता म्हणून. परवा अजून कोण येईल. मी कुणाकुणाला नाय म्हणू?"

"लावू दे की सगळ्यांना. मी लिहून देतो."

हितेंद्र हसला. "बरं, जागा कुठली पण? तुम्ही म्हणताय 'इथे'. इथे म्हणजे कुठे? कुणाच्या पार्किंग स्लॉटमध्ये आली तर भांडण. आणि भिंतीच्या पलीकडे गेली तर विषयच संपला, तो टॉवर त्यांचा, आपल्याला आत पण सोडत नाहीत."

हे खरं होतं. चाळीच्या जागेचे बिल्डरने दोन भाग केले. अलीकडे आम्ही जुने भाडेकरू, पलीकडे विक्रीचा टॉवर, मधे उंच भिंत. त्यांचं गेट वेगळं, रस्ता वेगळा. भिंतीला लागून पलीकडे त्यांचा पोहण्याचा तलाव आहे, आमच्या सतराव्या मजल्यावरून निळा निळा दिसतो.

"त्यापेक्षा लॉबीत लावू," हितेंद्र म्हणाला. "लिफ्टच्या बाजूला. येता-जाता सगळे बघतील."

"लॉबीत कोण जेवलं रे?" पेंटर म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "पाटीवर 'इथे' लिहिलंय. तर इथेच लागायला पाहिजे."

"मग जागा दाखवा. आपल्या बाजूला आली, कुणाच्या स्लॉटमध्ये नसली, तर मी स्वतः ड्रिल मारून देतो. प्रॉमिस."

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. आयुष्य जिथे काढलं ती जागा डोळे मिटूनही सांगता येईल असं आपण समजतो. पण चाळ पाडली, भराव घातला, गेट हलवलं, आणि दहा वर्षांनी आम्ही परत आलो तेव्हा आपला दरवाजा आकाशात कुठल्या उंचीवर होता तेही कुणाला सांगता येईना. जुना नकाशा बिल्डरच्या ऑफिसात असेल म्हणून दोनदा जाऊन आलो, तिथल्या मुलीने दोन्ही वेळा 'मेल करा' म्हणून सांगितलं. जागचं हललं नव्हतं ते एकच, गेटजवळचं मारुतीचं देऊळ. त्याला हात लावायची बिल्डरचीही छाती झाली नाही.

आणि पेंटरना एक माप पाठ होतं. दर शनिवारी सासूबाई पहिली पंगत बसायच्या आधी मारुतीला नैवेद्य पाठवायच्या, आणि तो न्यायचं काम ह्यांचं. खाणावळीच्या उंबऱ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत, चाळीच्या ओट्याने सरळ, बेचाळीस पावलं. लहानपणी रोज काहीतरी मोजायची खोड असते ना, त्यातलं हे. त्याच जोरावर त्या सकाळी पार्किंगमध्ये खडूचे नकाशे चालले होते.

चहा घेऊन पेंटर देवळाच्या पायरीशी उभे राहिले. मी, वॉचमन आणि खाली उतरलेला हितेंद्र बघत होतो. ते सरळ रेषेत चालायला लागले, मोठ्याने मोजत. वीस झाले, पंचवीस झाले. एकतीसला त्यांचं नाक भिंतीला लागलं.

अकरा पावलं शिल्लक होती आणि ती सगळी पलीकडे होती.

पेंटरनी परत जाऊन पुन्हा मोजलं. एकतीस. भिंतीवर तळहात ठेवून ते उभे राहिले. पलीकडून पाण्यात कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला.

"काका, लॉबीचं बघू या ना," हितेंद्र हळूच म्हणाला.

"नको रे," ते म्हणाले. मग त्यांनी फडकं मागवलं आणि सकाळपासून काढलेली चाळ स्वतःच पुसून टाकली. जिना, नळ, ओटा, मोरी. वर आल्यावर पाटी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवली. मला म्हणाले, "आये तलावात गेली गो." आणि हसले. ते हसले म्हणून मला जास्त लागलं. ओरडले असते तर मीही दोन शब्द ओरडून मोकळी झाले असते.

पुढचे पंधरा दिवस आमची वरात कुठे निघाली नाही. पेंटर गॅलरीत बसून पेपर वाचत. मी विचारलं, "गिरगावात जाऊ या?" तर म्हणाले, "पाहून झालं ना सगळं." अमेरिकेचं खूळ उतरावं म्हणून मीच मारुतीला बोलले होते. आता उतरलं तर मला घर खायला उठलं.

एका दुपारी ते झोपलेले पाहून मी एकटीच बसने शीव कोळीवाड्याला गेले. तिथे बुधाजी असतात, नातीकडे. बुधाजी म्हणजे सासूबाईंच्या बावीस माणसांतला उरलेला एक. साच्यावर होते गिरणीत, म्हणजे मागावर. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळे गेलेले. पेंटर त्यांच्याकडे आधी का गेले नाहीत, तर आंधळ्या माणसाला काय जागा विचारायची म्हणून. मलाही तसंच वाटत होतं, पण बुडत्याला काडीचा आधार.

मी सगळं सांगितलं. हॅनाबाईपासून तलावापर्यंत. ते खाटेवर बसून ऐकत होते.

"वयनीची पाटी?" ते म्हणाले. सगळी खाणावळ सासूबाईंना वयनी म्हणायची. "कुश्यान लिवली?"

"हो."

"माका थंय घेवन चल. शनवारी. आणि जेवक करून ठेव."

शनिवारी त्यांच्या नातीने त्यांना टॅक्सीने गेटवर आणून सोडलं. मी सकाळीच आमटी, भात, बटाट्याची भाजी करून ठेवली होती. पेंटरना मी आयत्या वेळी सांगितलं, नाहीतर नको म्हणाले असते. बुधाजींना बघून ते वाकून पाया पडले, आणि बुधाजींनी त्यांच्या डोक्यावरून, कानांवरून हात फिरवला. "केस खंय गेले रे तुझे?" म्हणाले.

हितेंद्रलाही मी बोलावलं होतं. साक्षीला सेक्रेटरी हवा.

"चल बघू," बुधाजी देवळाच्या पायरीवर टेकत म्हणाले. "कसो मोजलंस ता माका दाखव."

"काका, मोजून झालंय. भिंत लागते."

"दाखव म्हणतंय ना."

पेंटर नाइलाजाने चालायला लागले. एक, दोन, तीन, चार. बुधाजी मान तिरकी करून ऐकत होते. दहा-बारा पावलं झाली असतील, त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"थांब! धाड धाड खंय चललंस? गाडी पकडूक? अरे, तू तेव्हा केवढो होतंस?"

पेंटर थांबले.

"सात-आठ वर्षांचा."

"आणि हातात काय होता?"

"ताट."

"ताटात?"

पेंटरची नजर आपल्या तळहातांवर गेली. बुधाजीच म्हणाले, "आमटी. काठोकाठ. सांडलंस तर वयनी पाठीत धपाटो घाली. रडत येवन माझ्या मांडयेर बसायचंस. विसारलंस?"

मी पेंटरच्या तोंडाकडे बघितलं. साठ वर्षांपूर्वीची पावलं ह्यांनी आजच्या पायांनी मोजली होती. मोकळ्या हातांनी, चपला घालून, म्युनिसिपालटीच्या माणसासारखी. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम.

"मालन," बुधाजी माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "वयनीचा ताट असा?"

होतं. चाळ सोडताना खाणावळीची भांडी कुठे कुठे गेली, पण नैवेद्याचं ते पितळी ताट मी ठेवलं होतं, तांदूळ निवडायला. मी लिफ्टने वर गेले. ताट घासलं, भात वाढला, भाजी वाढली, आधी मीठ, आणि वाटी न ठेवता भातावर आमटी ओतली, कडेपर्यंत. लिफ्टमध्ये ताट धरून उभी राहिले तेव्हा कळलं, सरळ उभं राहणंही अवघड आहे.

पेंटरनी चपला काढल्या. ताट दोन्ही हातांत घेतलं आणि देवळाकडे पाठ केली.

"एक," ते म्हणाले.

नजर आमटीवर. पाऊल उचलायचं नाही, पुढे सरकवायचं. टाच दुसऱ्या पायाच्या बोटांपुढे जेमतेम पडायची. दुखरे गुडघे, कापरे हात, वाकलेली मान. नैवेद्य घेऊन जाणारा तो सात-आठ वर्षांचा मुलगा मी कधी पाहिला नव्हता. तो मला त्या दिवशी दिसला. वॉचमनने येणारी गाडी गेटवरच हात करून थांबवली. गाडीवाल्याने हॉर्न दिला, मग काच खाली केली आणि तोही बघत राहिला.

वीस. पंचवीस. एकतीस आलं तेव्हा भिंत चांगलीच लांब होती. हितेंद्र त्यांच्या बाजूने चालत होता. चाळीस, एक्केचाळीस.

"बेचाळीस," पेंटर म्हणाले आणि उभे राहिले.

भिंत पुढे दोन हातांवर होती. उजवीकडे शेवटचा खांब होता. कुणाचाही स्लॉट नव्हता, झाडू आणि बादल्या ठेवायची जागा होती ती. आमटीचा एक थेंब ताटाबाहेर पडला नव्हता.

"इथे," पेंटर म्हणाले.

हितेंद्रने खिशातून पेन काढलं, खांबावर डोक्याच्या उंचीला दोन टिंबं केली आणि म्हणाला, "ड्रिल घेऊन येतो." आणि धावत गेला. त्याने झाडू-बादल्याही जाता जाता उचलून नेल्या.

मी बुधाजींना हाताला धरून तिथपर्यंत आणलं. "चला आता वर," मी म्हटलं, "टेबलावर बसून सावकाश जेवा. ह्यातली आमटी निवली असेल, गरम वाढते."

"वर कित्याक?" ते म्हणाले. "जेवाक हयसरच बसतलंय."

"अहो, खाली फरशी आहे, पार्किंग आहे..."

पण पेंटरनी तोवर खांद्यावरचा पंचा चार पदरी करून खाली अंथरला होता. ताट त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं, मोकळ्या जागेच्या मधोमध. मी बुधाजींना धरून हळूहळू खाली बसवलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, ताटाची कड चाचपली, मीठ आहे का ते बोटाने बघितलं.

मग त्यांनी डावा हात बाजूला पसरला आणि हवेत काहीतरी शोधलं. हाताला काही लागलं नाही. ते त्या बाजूला सरकले, पुन्हा हात पसरला, पुन्हा सरकले, एका हाताने ताट आपल्याबरोबर ओढत. खांबाला खांदा टेकला तेव्हा थांबले, नीट मांडी घातली, आणि उजवीकडची सगळी जागा मोकळी ठेवून पहिला घास घेतला.